प्रश्न कुणी विचारायचा? प्रश्नमंजूषेची जुनी-नवी गोष्ट

कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोठ्यात असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. पण हा राजे-रजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास नाही. हा एका खेळाचा इतिहास आहे. एकानं प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, एवढाच खेळ. शाळेत त्याला सामान्यज्ञान स्पर्धा म्हणतात, टीव्हीवर क्विझ म्हणतात, चांगलं मराठी नाव आहे प्रश्नमंजूषा. मंजूषा म्हणजे पेटी, प्रश्नांची पेटी. हल्ली ही पेटी आपल्या मोबाइलवर आलीय. आमच्या प्रभागातले बचत गट दर रविवारी रात्री जेवणं उरकली की व्हॉट्सअ‍ॅपवर हा खेळ खेळतात. अनेक गावांतून विचारणा झाली, ताई, आम्हालाही सुरू करायचंय, कसं करायचं? म्हणून आजचं हे बोलणं. पण कसं करायचं हे सांगण्याआधी हा खेळ कुठून आला ते सांगते. कारण त्या गोष्टीतच आपले सगळे नियम दडलेले आहेत.

सुरुवात आपल्याच घरातून करू. उखाणा म्हटलं की आज आपल्याला लग्नातलं नाव घेणं आठवतं. पण उखाणा या शब्दाचा जुना अर्थ आहे कोडं. कुठे कोडं म्हणतात, कुठे हुमान म्हणतात, गोव्याकडे हुमाणं. संध्याकाळी आजी अंगणात बसायची आणि नातवंडांना कोडी घालायची. ती आजी शाळेत गेलेली नसायची, पण तिच्याकडे पन्नास-पन्नास कोडी तोंडपाठ असायची. विहीर, चूल, जातं, कणीस, सुई-दोरा, सगळ्यावर कोडी. उत्तर आलं नाही तर हसायचं आणि पुढचं कोडं घालायचं. त्यात बक्षीस नव्हतं आणि अपमानही नव्हता. हे ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता फार जुन्या काळात जाऊ. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेची गोष्ट आहे. राजानं हजार गाई उभ्या केल्या, त्यांच्या शिंगांना सोनं बांधलं आणि सांगितलं, तुमच्यात जो सगळ्यात ज्ञानी असेल त्यानं या गाई न्याव्यात. याज्ञवल्क्य ऋषी उठले आणि शिष्याला म्हणाले, घे हाकून. मग बाकीचे विद्वान त्यांना प्रश्न विचारू लागले. त्यांत एक बाई होती, गार्गी. तिनं एकामागून एक प्रश्न विचारले. हे कशावर उभं आहे, ते कशावर उभं आहे, आणि त्याच्याही पलीकडे काय? शेवटी याज्ञवल्क्य म्हणाले, गार्गी, आता पुरे, याहून पुढे विचारू नकोस, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल. गार्गी गप्प बसली. पण गोष्ट तिथं संपत नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा उभी राहिली, सभेला म्हणाली, मी यांना आणखी दोन प्रश्न विचारते. आणि विचारले.

मला ही गोष्ट आवडते ती एवढ्यासाठी की, जास्त विचारशील तर डोकं गळून पडेल, हे बाईनं किती जुन्या काळापासून ऐकलंय बघा. आणि तरी दुसऱ्यांदा उभं राहणारी बाईसुद्धा तितकीच जुनी आहे.

आता पुण्याला येऊ. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली हे आपण सगळ्या जाणतो. पण पुढच्या चार-पाच वर्षांत या शाळांमधल्या मुलींच्या जाहीर परीक्षा व्हायच्या, हे फार जणींना ठाऊक नसतं. मुली उभ्या राहायच्या, मोठी माणसं प्रश्न विचारायची, मुली उत्तरं द्यायच्या आणि बघायला गर्दी लोटायची. मुलींना अक्षर कळतं का, हिशोब येतो का, हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. याच शाळेत शिकलेली मांग समाजातली एक मुलगी, मुक्ता साळवे. १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तो निबंध होता. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिनं त्यात केला. शाळेत उत्तरं द्यायला शिकलेली मुलगी आता प्रश्न विचारत होती. सामान्यज्ञानाचा खरा उपयोग हाच आहे, मैत्रिणींनो. उत्तरं पाठ करून थांबायचं नसतं. उत्तरं येऊ लागली की माणसाला प्रश्न विचारायची हिंमत येते.

पुढची गोष्ट रेडिओची आहे, म्हणजे आपल्या घरचीच. १९३६ साली अमेरिकेत रेडिओवर ‘प्रोफेसर क्विझ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. लोकांना बोलवायचं, प्रश्न विचारायचे, घरी बसलेल्यांनी मनात उत्तर द्यायचं. लोकांना ते फार आवडलं. असे पुष्कळ कार्यक्रम निघाले. पण मला त्यातला जास्त जवळचा वाटतो तो इंग्लंडमधला. १९४६ मध्ये, मोठं युद्ध नुकतंच संपलं होतं, तेव्हा बीबीसीनं ‘हॅव्ह अ गो’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. आपल्या भाषेत म्हणायचं तर, करून तर बघा! तो चालवायचे विल्फ्रेड पिकल्स. हे स्टुडिओत बसून राहत नसत. गावोगावी जायचे, गावातल्या सभागृहात लोक जमवायचे आणि साध्या माणसांना बोलतं करायचे. प्रश्न सोपे, बक्षीस अगदी किरकोळ. त्यांची बायको मेबल कार्यक्रमात सोबत असायची. महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे गृहस्थ आपल्या यॉर्कशायर भागाच्या बोलीत बोलायचे. त्या काळी रेडिओवर लंडनची सफाईदार भाषा चालायची. युद्धाच्या दिवसांत यांनी आपल्या बोलीच्या ढंगात बातम्या वाचल्या तेव्हा केवढी तरी चर्चा झाली होती. पण ‘हॅव्ह अ गो’ ऐकायला भर बहरात दोन कोटी लोक रेडिओला कान लावून बसायचे. कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. गावात जा, गावच्या बोलीत विचारा, लोक बोलतात. आपलं सामुदायिक रेडिओ केंद्र याच वाटेनं चालतंय ना?

यानंतर खेळात पैसा आला, मोठा पैसा. अमेरिकेत टीव्हीवर १९५५ साली ‘चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्न’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात जॉयस ब्रदर्स नावाची एक बाई गेली. मानसशास्त्र शिकलेली, पण घरात तान्हं मूल, नवरा शिकाऊ डॉक्टर, पैशांची ओढाताण. तिनं विषय कोणता घेतला? मुष्टियुद्ध, म्हणजे बॉक्सिंग! बाई आणि बॉक्सिंग, लोकांना गंमत वाटेल म्हणून कार्यक्रमवाल्यांनाही ते चाललं. तिनं बॉक्सिंगवरची पुस्तकंच्या पुस्तकं पाठ केली आणि चौसष्ट हजार डॉलरचं सगळ्यात मोठं बक्षीस जिंकून दाखवलं. हा बायकांचा विषय नाही, असं जेव्हा कुणी म्हणेल तेव्हा ही बाई आठवा.

पण पैशामागून लबाडी आली. ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचे एक देखणे प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत गेले. सगळा देश त्यांच्या हुशारीनं वेडा झाला. त्यांच्यापुढे हरलेल्या हर्बर्ट स्टेम्पेल यांनी नंतर सांगितलं की, मला मुद्दाम हरायला लावलं. एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, तरी चुकीचं दे असं सांगितलं गेलं. चौकशी झाली. १९५९ साली व्हॅन डोरेन यांनी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की, प्रश्न आणि उत्तरं मला आधीच कळवलेली असायची. लोकांना फार वाईट वाटलं. १९६० मध्ये अमेरिकेत कायदा झाला की असे कार्यक्रम आतून ठरवून करणं हा गुन्हा आहे. जॉयसबाईंवर मात्र असा काही ठपका आला नाही, त्यांनी खरंच अभ्यास केला होता. या प्रकरणाचा धडा साधा आहे. बक्षीस जितकं मोठं तितकी लबाडीची ओढ मोठी.

मग इंग्लंडमध्ये १९७२ साली बीबीसीनं टीव्हीवर ‘मास्टरमाइंड’ सुरू केलं. काळी खुर्ची, अंधार, तोंडावर झोत आणि धडाधड प्रश्न. बिल राइट नावाचे गृहस्थ युद्धात कैदी होते. शत्रूच्या उलटतपासणीच्या आठवणीवरून त्यांना ही कल्पना सुचली. बक्षीस काय? एक काचेचं भांडं! पैसा नाही. आणि गंमत ऐका, पहिली तीन वर्षं, १९७२, १९७३ आणि १९७४ साली, ही स्पर्धा बायकांनीच जिंकली. बायकांना सामान्यज्ञान नसतं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

त्याच सुमाराला तिकडे पबमध्ये क्विझ सुरू झाल्या. पब म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतील, कारण तिथं दारू मिळते. पण तिथं लोक जेवायला, गप्पा मारायलाही जातात, आपल्याकडच्या पारासारखं. १९७६ च्या सुमाराला शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी पबमधल्या संघांच्या स्पर्धा बांधायला सुरुवात केली. ज्या रात्री गिऱ्हाईक कमी असतं त्या रात्री लोक यावेत, हा हेतू. चार-पाच जणांचा संघ, एक कागद, एक पेन्सिल. इथं खेळ एकट्याचा राहिला नाही, टोळीचा झाला. एकाला क्रिकेट येतं, दुसरीला भूगोल येतो, तिसऱ्याला गाणी येतात. कुणालाच सगळं येत नाही, पण सगळ्यांना मिळून पुष्कळ येतं. आपला बचत गट तरी वेगळं काय आहे? एकटीची शंभर रुपयांची बचत बँक विचारत नाही, दहा-बारा जणींची विचारते.

आता आपल्या देशात या. १९६७ साली कोलकात्यात नील ओब्रायन यांनी सर्वांसाठी खुली क्विझ घेतली, तिथून हा खेळ आपल्याकडे रुजला. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ सुरू झाली, ती रेडिओवर गाजली. आधी हमीद सयानी आणि ते गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी ती घ्यायचे. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ आलं. सगळे कार्यक्रम चांगलेच होते. पण एक भिंत होती. भाषा इंग्रजी आणि खेळणारी पोरं बहुतेक शहरातल्या मोठ्या शाळा-कॉलेजांतली. आपल्या घरातली मुलगी ते बघायची, कौतुक करायची, पण हे आपल्यासाठी नाही हेही समजून घ्यायची.

ती भिंत पडली ३ जुलै २००० ला. ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, तेही हिंदीत. त्यात भाग घ्यायला कॉलेजची अट नव्हती, फोन लावायचा होता. पहिले करोडपती झाले मुंबईचे हर्षवर्धन नवाथे. २०१० मध्ये झारखंडच्या गिरिडीहच्या राहत तस्लीम एक कोटी जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्या गृहिणी होत्या. आणि २०१९ मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपये मानधन. त्यांनी एक कोटी जिंकले. कोटीच्या आकड्यापेक्षा मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. त्यांच्या घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाइल होता.

इथं जरा थांबू, कारण इथं आपला विषय येतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की, देशात स्वतःचा, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका सुमारे ५४ टक्के आहेत. खेड्यांत निम्म्यापेक्षाही कमी. म्हणजे ऑनलाइन स्पर्धा म्हटलं की गावातली निम्मी बाई आधीच बाहेर. फोन नवऱ्याचा, नाहीतर पोराचा. रिचार्ज संपलेलं, नाहीतर रेंज नाही. तेव्हा ऑनलाइन खेळ ठेवायचा तर तो कुणाला बाहेर ठेवतोय हे पहिल्यांदा बघायला लागतं.

ऑनलाइन क्विझची सगळ्यात मोठी गोष्ट घडली २०२० च्या मार्चमध्ये. सगळं जग घरात कोंडलं होतं. इंग्लंडमधल्या डार्वेन गावात जे फ्लिन नावाचा एक माणूस राहत होता. पूर्वी त्यानं पब चालवला होता. आयुष्यात फार वाईट दिवसही पाहिले होते, लंडनला थेम्स नदीच्या काठी बाकड्यावर झोपून दिवस काढले होते. पब बंद, माणसं एकटी. त्यानं ठरवलं की आपल्या ओळखीच्या चार लोकांसाठी फेसबुकवरून क्विझ घेऊ. पण ते आमंत्रण फक्त ओळखीच्यांपुरतं न राहता सगळ्यांना खुलं राहिलं. आणि बघता बघता लाखो लोकांनी, आम्हीपण येतो, म्हणून नाव नोंदवलं. घाबरला असेल तो. पण त्यानं क्विझ घेतली. घरातून, साध्या कॅमेऱ्यासमोर. एप्रिलमध्ये एका रात्री एक लाख ऐंशी हजारांहून जास्त ठिकाणी लोक एकाच वेळी बघत होते, त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. पुढे या क्विझमधून चांगल्या कामांसाठी दहा लाख पौंडांहून जास्त देणग्या जमल्या आणि राणीनं त्याचा सन्मान केला.

आता विचारा, एवढ्या लाखो लोकांचे पेपर तपासले कुणी? कुणीच नाही! प्रत्येकानं आपापल्या घरी कागदावर उत्तरं लिहायची, शेवटी बरोबर उत्तरं सांगितली की आपलं आपण तपासायचं. गूगल हातात होतं, कुणीही फसवू शकलं असतं. पण फसवून मिळणार काय? बक्षीस नव्हतंच. म्हणून लोक मनापासून खेळले. अमेरिकेत लाखो डॉलर ठेवले तर प्राध्यापकानं लबाडी केली, इथं काहीच ठेवलं नाही तर लाखो लोक प्रामाणिक राहिले. एकाच खेळाच्या या दोन बाजू आहेत.

आता एवढ्या गोष्टींतून आपण आपल्या खेळासाठी काय घेतलं ते सांगते. तुम्हाला पटेल ते घ्या.

पहिलं, एकटीनं खेळायचं नाही. आमच्याकडे पाच जणींचा संघ असतो आणि संघाला एकच फोन पुरतो. ज्या घरी रेंज असते त्या घरच्या ओट्यावर जमायचं. संघात एक जण तरी पन्नाशीच्या पुढची आणि एक जण तरी लिहिता-वाचता न येणारी असलीच पाहिजे. त्यामुळे सुनेला सासू लागते आणि सासूला सून लागते.

दुसरं, प्रश्न बोलून पाठवायचा, लिहून नाही. व्हॉइस मेसेज सगळ्यांना कळतो. एक प्रश्न गेला की तीन मिनिटं थांबायचं. कुणाचं उत्तर आधी आलं हे बघायचंच नाही, कारण आधी आलं म्हणजे हुशारी नव्हे, चांगली रेंज. उत्तरं कागदावर लिहायची. दहा प्रश्न झाले की कागदाचा फोटो काढून पाठवायचा. एका गावाचा कागद दुसऱ्या गावानं तपासायचा.

तिसरं, पैसे ठेवायचे नाहीत. प्रवेश फी नाही, रोख बक्षीस नाही. यात आणखी एक कारण आहे, ते नीट ऐका. तुम्हाला केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली, असे मेसेज फोनवर येतात. अमिताभ बच्चनांचा फोटो असतो, आवाज गोड असतो, आधी थोडे हजार भरा म्हणतात. हे सगळं खोटं असतं. पोलिसांनी कितीदा तरी सावध केलंय. आमच्या भागातल्या एका बाईनं गटाचं कर्ज उचलून असे पैसे भरले. लॉटरी आली नाही, हप्ते मात्र दीड वर्षं फिटत होते. शरमेनं तिनं घरातही सांगितलं नाही. म्हणून आमच्या प्रत्येक खेळाच्या शेवटी एक वाक्य सगळ्या मिळून म्हणतात, जी स्पर्धा आधी पैसे मागते ती स्पर्धा नाही. आणि कुणी फसलंच तर लपवू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीसाठी सरकारचा तो नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

चौथं, प्रश्न खात्रीचा हवा. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? सगळ्या म्हणतील हॉकी. पण सरकारनं कोणताच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. २०२० साली धुळ्याच्या एका शिक्षकांनी माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा हेच उत्तर आलं. राष्ट्रभाषेचंही तसंच. घटनेत हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असा शब्द घटनेनं कुठल्याच भाषेला लावलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेलं उत्तरही चुकीचं असू शकतं. म्हणून आमच्याकडे जी प्रश्न काढेल तिनं उत्तर कुठून घेतलं ते सांगायचं, नुसता फॉरवर्ड आलेला मेसेज चालत नाही.

आता पाचवं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्न कुणाच्या जगातले आहेत?

एकदा महिला दिनाच्या एका मोठ्या कार्यक्रमात बायकांसाठी सामान्यज्ञान स्पर्धा ठेवली होती. प्रश्न सगळे स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधले. या देशाची राजधानी, त्या राष्ट्राचं चलन, अमुक पुरस्कार कुणाला. दहावी-बारावीच्या दोन मुली पटापट उत्तरं देत होत्या आणि ऐंशी बायका मान खाली घालून बसल्या होत्या. उठताना माझ्या शेजारची मावशी म्हणाली, आमचं डोकं रिकामंच बाई. ही मावशी आकाशाकडे बघून पाऊस कधी येणार सांगते, गाभण शेळी कधी विणार ते दिवस मोजून सांगते. तिचं डोकं रिकामं कसं? तिला येतं ते कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून आमच्या पेपरात पाच प्रश्न पुस्तकातले आणि पाच आपल्या जगण्यातले. पुस्तकातले म्हणजे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? शेकरू. राज्यफूल कोणतं? तामण. राज्य फुलपाखरू? नीलवंत. ग्रामसभा कुणाला बोलावता येते, किती बायका हजर हव्यात, रेशन कार्डावर नाव कुणाचं, हेही पुस्तकातलंच, पण उद्या उपयोगी पडणारं. आणि जगण्यातले म्हणजे, अंडी उबायला ठेवली तर पिल्लू कितव्या दिवशी? एकविसाव्या. मृगानंतर कोणतं नक्षत्र? आर्द्रा. किती शेरांची एक पायली? चार. या शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे कॉलेजच्या पोरी गप्प झाल्या आणि म्हाताऱ्या एका सुरात बोलल्या, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली! त्या रात्री पोरींनी ते वहीत लिहून घेतलं. आणि पुढच्या रविवारी त्याच म्हाताऱ्यांनी पोरींना विचारलं, ते ग्रामसभेचं काय म्हणालीस गं, नीट सांग.

घरचेही आधी कुरकुरले. रात्री फोन कशाला हवा, हे काय नवीन, असं. आम्ही भांडलो नाही. फोन मधे ठेवला आणि आवाज मोठा केला. तिसऱ्या रविवारपर्यंत घरचे पुरुष दारातून उत्तरं फेकायला लागले. त्यांची उत्तरं धरत नाही, असं सांगितलं की रुसतात, पण फोन मात्र वेळेवर चार्ज करून ठेवतात.

आणि बक्षीस? पैसे नाहीत, साडी नाही, डबा नाही. जो संघ जिंकेल त्याला पुढच्या रविवारचे प्रश्न काढायचा मान. सुरुवातीला बायका म्हणाल्या, हे कसलं बक्षीस, उलट काम वाढलं. पण आता याच मानासाठी चुरस असते. आठवडाभर शेतात, नळावर, एसटीत बायका प्रश्न शोधत असतात. पोरांची पुस्तकं उघडतात, तलाठ्याला विचारतात, माहेरी फोन लावतात. जिनं कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं ती फोनवर ठणठणीत आवाजात म्हणते, प्रश्न पहिला, नीट ऐका. मागच्या महिन्यात एका गावच्या ग्रामसभेत आमच्या अशाच एका संघानं विचारलं, पाणीपुरवठ्याचा आलेला निधी किती आणि खर्च किती? प्रश्न काढायची सवय लागली की ती फक्त रविवारपुरती राहत नाही.

आजीच्या कोड्यांपासून गार्गीपर्यंत, मुक्तापासून बबिताताईंपर्यंत हीच एक गोष्ट चालत आलीय. उत्तर येणं चांगलं आहे. पण इतकी वर्षं प्रश्न दुसऱ्यांनी काढले आणि उत्तरं आपण शोधली. आता पेटी आपल्या हातात आहे. तेव्हा या रविवारी तुमच्या गटात पाच जणी जमवा, एक कागद घ्या आणि तुमच्या गावातल्या बायकांना ठाऊक असलेले, पण कुणी कधी विचारले नाहीत, असे पाच प्रश्न काढा. उत्तरासकट आपल्या रेडिओ केंद्रावर पाठवा. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात ते सगळ्या गावांना विचारू.

प्रश्न तुमचे असतील. उत्तरं गावं देतील.